प्रश्न क्रमांक सात

एप्रिल संपत आला की आमच्या खराडीच्या ऑफिसात एक वेगळीच जमात दिसायला लागते. नवी कोरी फॉर्मल पँट, गळ्यात ‘व्हिजिटर’ लिहिलेलं पिवळं कार्ड, हातात मोबाइल आणि तोंडात एकच वाक्य, ‘‘मॅम, दोनच मिनिटं लागतील.’’ ही एमबीएची मुलं. समर प्रोजेक्टसाठी आलेली असतात. त्यांना प्रश्न विचारायचे असतात आणि आमच्या लोकांना ते चुकवायचे असतात. लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, पार्किंगच्या खांबाआड हा लपंडाव जूनपर्यंत चालतो. या दिवसांत माझं मन एका जागी ठरत नाही. भरलेली पाण्याची बाटली परत भरायला जाते. पाठवलेली मेल उघडून पुन्हा वाचते. एसीत बसून मला घाम फुटतो आणि नाकात कुठूनतरी तिखटाचा खकाणा आल्यासारखं वाटतं.

यंदा अशीच एक मुलगी माझ्या वाट्याला आली आहे. ऋचा तिचं नाव. विषय, कर्मचाऱ्यांचं समाधान. कंपनीतर्फे तिच्या अहवालावर सही मी करायची. परवा तिनं तो टेबलावर आणून ठेवला. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. इतक्या वर्षांत सगळं बदललं, पण हे रेक्झिन काही बदललं नाही. मी तक्ते उघडले. शंभर जणांना विचारलेलं होतं आणि जवळजवळ सगळे ‘समाधानी’ किंवा ‘अत्यंत समाधानी’ होते. आमच्या ऑफिसात शंभर समाधानी माणसं गोळा करायची तर शेजारच्या तीन इमारतींतून मागवावी लागतील. मी अहवाल मिटला आणि सही उद्या करते म्हणाले.

तो उद्या अजून आलेला नाही.

मी पुण्यात आले ती एका लांबलचक नावाच्या पदवीसाठी. व्यवसाय व्यवस्थापन आणि आंतरराष्ट्रीय व्यापार, दोन्ही एकदम, दोन वर्षांत. नव्या शतकाची पहिली वर्षं होती. घरोघरचं कुणीतरी ‘ऑनसाइट’ जात होतं आणि जग जवळ आलंय असं जो तो सांगत होता. आम्हाला सोमवारी ब्लेझर सक्तीचा होता. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो काळा ब्लेझर घालून आम्ही ‘जागतिकीकरण, वरदान की शाप’ यावर गटचर्चा करायचो. निम्मे वरदानाच्या बाजूला, निम्मे शापाच्या, आणि पुढच्या सोमवारी बाजूंची अदलाबदल. जहाजावर माल चढल्याची पावती कशी भरायची, परदेशी बँकेचं हमीपत्र कसं वाचायचं, हे मी तोंडपाठ केलं होतं. जहाज सोडा, मी तोवर समुद्रही पाहिलेला नव्हता. मी वर्ध्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला एक दिवसाआड येतं ते.

वडील पोस्टात होते. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते सहीच्या जागी अंगठा उठवत. त्यांच्या नातीनं पुण्यात दुहेरी पदवी घ्यावी, यात घराचं काय गुंतलेलं होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी वंदनेला आम्ही सगळे बसायचो. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना बाबांचा आवाज किंचित चढायचा, बहुधा आम्हा भावंडांसाठी.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत एका घराच्या वरच्या खोलीत मी आणि प्राची कॉट बेसिसवर राहायचो. प्राची नाशिकची, माझ्याच वर्गातली. खाली घरमालकीण लिमयेकाकू एकट्या. त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत. पहिल्याच दिवशी काकूंनी आम्हाला जिन्यात थांबवलं होतं. ‘‘नळ उघडा राहिला की पाणी वाहून जातं. आपल्या डिग्रीत हे नसेल, म्हणून सांगितलं.’’ त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या दारासमोरून चपला हातात घेऊन जात होते.

मोठ्या कंपन्यांची प्रोजेक्टं ओळखीनं मिळायची आणि माझी पुण्यात ओळख कुणाशी? सरांनी मला धायरीतला एक पत्ता दिला. सिंहगड रस्त्यावरून फाट्याला उतरायचं, मग आत गावाकडे चालत. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये सुमनकाकूंचा छोटा उद्योग होता. पिठल्याचं तयार पीठ. गरम पाण्यात कालवा, झाकण ठेवा, झालं. आमच्याकडे पिठल्याला नुसतं ‘बेसन’ म्हणतात, पण ते पुण्यात बोलायची सोय नव्हती. सुमनकाकू मूळच्या गावातल्या, शाळा सातवीपर्यंत, वय पन्नाशीच्या आसपास. हाताखाली चार बायका. मार्केट यार्डातला एक व्यापारी त्यांचं पीठ परदेशातल्या भारतीय दुकानांना धाडायला तयार झाला होता. पहिली ऑर्डर, मुंबईहून बोटीनं जायची होती. माझ्या प्रोजेक्टचा विषय त्यातूनच निघाला. ज्यांच्या घरचं कुणी परदेशात आहे अशा शंभर कुटुंबांना विचारून ‘तिकडच्या मराठी माणसाला काय हवंय’ ते शोधायचं.

‘‘म्याडम, तुमी शिकल्याली मानसं. तुमी सांगाल तसं करू,’’ सुमनकाकू म्हणाल्या होत्या आणि मला स्वतःच्या खुर्चीवर बसवून आपण पोत्यावर बसल्या होत्या. मला ‘म्याडम’ म्हणणारं ते पहिलं माणूस. त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीच्या काचेत स्वतःला बघत आले.

त्या उन्हाळ्याचं काय काय आठवतं! पीएमटीच्या रेक्झिनच्या सीटला चिकटलेला कुर्ता. कोथरूडच्या सोसायट्यांमधले अंधारे, गार जिने आणि त्यांच्या टोकाला न उघडणारी दारं. उघडलंच तर जाळीआडून येणारा आवाज, ‘‘कुठल्या कंपनीकडून? नको आहे.’’ ‘‘काकू, काही विकत नाहीये, फक्त प्रश्न आहेत.’’ ‘‘तेही नको आहेत.’’ संध्याकाळी ढग भरून यायचे, वारा सुटायचा, धुळीनं डोळे चुरचुरायचे आणि थेंबही न पडता सगळं पांगायचं. दिवसाला पाच प्रश्नावल्या झाल्या तरी मी खूश असायची. तीन आठवड्यांत अडतीस झाल्या. मग अहवाल छापून, बांधून द्यायला सहा दिवस उरले.

‘‘अगं, तू वेडी आहेस का यार?’’ प्राची म्हणाली. ‘‘बाकीच्या आपणच भरायच्या. सगळी बॅच भरते. सर वाचत पण नाहीत.’’ आणि खरंच, पेनांचा तो एक रिवाजच होता आमच्या कॉलेजात. निळी दोन, काळी दोन, एक हिरवं, एक शाई गळणारं. काही डाव्या हातानं भरायच्या, काहींवर चहाचा ओघळ पाडायचा, काही चार घड्या घालून पर्समध्ये चुरगळून आणायच्या. एका दुपारी आम्ही दोघी गच्चीच्या सावलीत बसलो आणि बासष्ट माणसं जन्माला घातली. जोशी, पाटील, शिंदे, देशपांडे. कुणाचा मुलगा न्यू जर्सीला, कुणाची सून लंडनला. हसून हसून पोट दुखलं. कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की त्या बासष्टांत मेश्राम एकही नव्हता. माझ्याच आडनावाचं कुणी परदेशात असेल, हे मला खोटं लिहितानासुद्धा सुचलं नाही.

प्रश्न क्रमांक सात होता, ‘आपल्याला पिठले कितपत तिखट आवडते?’ चार पर्याय. पुण्यात वर्ष काढूनही इथल्या आमटीतला गूळ माझ्या जिभेला पटलेला नव्हता. माझी सगळी खोटी माणसं, नाव काही असो, जेवायची मात्र वर्ध्याला. त्यांना पिठलं ‘जास्त तिखट’ हवं होतं. मी विचारही केला नव्हता. पेन आपोआप तिथं जात होतं. अहवालाच्या निष्कर्षात मी इंग्रजीत झोकात लिहिलं, की ग्राहकांचा स्पष्ट कल अधिक तिखटाकडे आहे. त्याची मराठीत एक पानाची समरी करून, मोठेपणानं, सुमनकाकूंना आगाऊ पोचवलीही.

मग बांधलेला अहवाल घेऊन मी त्यांच्या सहीसाठी धायरीला गेले. शेडच्या आधी वीस पावलांवरच मला ठसका लागला. आत चारही बायका तोंडाला पदर बांधून काम करत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि भिंतीशी खोक्यांची चळत लागली होती. सुमनकाकूंनी हात पुसले, अहवाल मांडीवर घेतला, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग एकेक अक्षर जपून काढत सही केली. त्या सहीला मिनिटभर तरी लागलं असेल.

‘‘मला जरा जास्तच वाटत हुतं तिखट,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन म्हनलं, शिकल्याल्या पोरीनं शंभर मानसांस्नी इचारलंय. मी येकटी कोन सांगनार?’’

सगळी ऑर्डर त्यांनी नव्या मापानं केली होती. शनिवारी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता.

मी अहवाल पोटाशी धरून बस पकडली. बस वडगावपर्यंत आली. अहवालावर सही झालेली होती, तोंडी परीक्षा दहा दिवसांवर होती, पदवी एका हाताच्या अंतरावर होती. गप्प राहिले असते तर जगात कुणाला कळणार होतं? तिकडे दूर कुणीतरी पुडकं फोडलं असतं, डोळ्यांतून पाणी काढलं असतं आणि पुन्हा ते विकत घेतलं नसतं, एवढंच. सुमनकाकूंनाही पुन्हा ऑर्डर का आली नाही ते कधी समजलं नसतं. मला बसमध्ये बसवेना. उठून उभी राहिले. उभंही राहवेना. कंडक्टर म्हणाला, ‘‘ताई, उतरायचंय का नाचायचंय?’’ मी वडगावला उतरले आणि भर उन्हात परत धायरीकडे चालायला लागले.

काय काय बोलले ते धड आठवत नाही. पेनांचं सांगितलं, डाव्या हाताचं सांगितलं. ‘‘काकू, अडतीसच खरे आहेत. बाकी मीच आहे,’’ हे वाक्य मात्र आठवतं. बायकांचे हात थांबले. सुमनकाकूंनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मशिनची घरघर थांबल्यावर शेडमध्ये इतकं शांत झालं, की बाहेरच्या रस्त्यावरची सायकल ऐकू आली.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शेजारच्या दुकानातून व्यापाऱ्याला फोन लावला. ‘‘माल न्हाई द्येत शनिवारी. न्हाई, न्हाई जमत. बरोबर न्हाई तो.’’ पलीकडचा आवाज चढल्याचं मला लांबूनही ऐकू आलं. बोट कुणासाठी थांबत नसते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही यायचा.

मी अहवाल पुढे केला. ‘‘सही खोडून टाका काकू.’’

‘‘सही माजी खरी हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती कशापायी खोडू? आतलं खोटं हाय, ते तू खरं कर.’’ म्हणताना त्यांनी मला अहवाल परत दिला आणि त्याच्यावर पिठाच्या दोन पिशव्या ठेवल्या. एक जुन्या मापाची, एक नव्या. ‘‘आन नुसतं इचारू नगंस. खायाला घाल आन मग इचार.’’ त्या दिवसापासून त्यांनी मला ‘म्याडम’ म्हटलं नाही.

पुढचे आठ दिवस मी माणसासारखी वागत नव्हते. सकाळी स्टोव्हवर दोन पातेल्यांत पिठलं, दोन डबे, पिशवीत वाट्या-चमचे, आणि निघायचं. प्राची दोन दिवस चिडली आणि तिसऱ्या दिवशी वाट्या धुवायला लागली. आश्चर्य म्हणजे दारं उघडायला लागली. प्रश्न नको म्हणणारी माणसं पिठलं नको म्हणत नव्हती. ‘‘मीठ कमी आहे,’’ ‘‘हे पिठलं नाही, हे प्रकरण आहे,’’ ‘‘उद्या परत या, आमचे हे घरी असतात.’’ जास्त तिखटाची वाटी बहुतेकांनी एका चमच्यावर खाली ठेवली. सुमनकाकूंची जीभ बरोबर होती. माझी बासष्ट माणसं चूक होती.

शंभरावी प्रश्नावली उरली आणि मला भरायला माणूस मिळेना. प्राचीनं जिन्याखाली बोट दाखवलं. ज्या बाईंचा मुलगा खरोखर अमेरिकेत होता, त्यांना मी भीतीपोटी विचारलंच नव्हतं. सगळं पुणे पालथं घातलं आणि पंधरा पायऱ्या उतरले नव्हते.

लिमयेकाकूंनी दोन्ही वाट्यांतलं चाखलं. ‘‘दोन्ही खाण्यासारखं आहे. तुम्ही केलंत हे लक्षात घेता विशेषच.’’ मग चष्मा लावून त्यांनी प्रश्नावली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. इतकी नीट ती मीही वाचली नव्हती. सातव्या प्रश्नापाशी थांबल्या.

‘‘पर्याय चारच?’’

‘‘हो काकू.’’

त्यांनी कुठेच खूण केली नाही. समासात, आडव्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘मुलगा दर रविवारी फोन करून पिठलं कसं करायचं ते विचारतो. त्याला ते येतं. तयार मिळालं तर विचारणार नाही.’

कागद परत देताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ‘‘हे तुमच्या तक्त्यात बसायचं नाही. राहू दे,’’ म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आणि मी काय केलं? तक्त्यात रकाने चार होते, पाचवा ‘उत्तर नाही’. मी लिमयेकाकूंना ‘उत्तर नाही’मध्ये टाकलं. सगळ्या उन्हाळ्यात मला मिळालेलं सगळ्यात खरं उत्तर मी तिथं टाकलं. आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला आले होते आणि तो त्या समासात बसलेला मला तेव्हा वाचता आला नाही.

आतली पानं बदलून, पुन्हा बांधून मी अहवाल तारीख उलटल्यावर दिला तेव्हा सर वैतागले. ‘‘आधीच्याला काय झालं होतं?’’ तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी काळं रेक्झिन हातात तोललं, दोन पानं उलटली आणि विचारलं, ‘‘सॅम्पल किती?’’ ‘‘शंभर.’’ ‘‘गुड.’’ खोटी आणि खरी, दोन्ही शंभर बाहेरून सारखीच दिसत होती. मला चांगले मार्क पडले. बाबांनी पदवी फ्रेम करून वर्ध्याच्या बैठकीत लावली.

सुमनकाकूंचं पीठ बोटीनं कधीच गेलं नाही. त्या व्यापाऱ्यानं दुसरं कुणी शोधलं. त्या अजून पुण्यातल्या प्रदर्शनांत टेबल मांडतात, मी दरवर्षी जाते, पाच-सहा पुडकी घेते. त्या बाबांची, मुलांची चौकशी करतात, आता त्यांच्या केसांत काळं काही उरलेलं नाही. ‘झालं गेलं जाऊ दे’ असं त्यांनी मला आजवर एकदाही म्हटलेलं नाही, आणि मी त्याची वाट बघणं सोडलेलंही नाही.

हे सगळं ऋचाला सांगावं असं दोन दिवस डोक्यात घोळत होतं. आज दुपारी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिनं आधी अहवालाकडे पाहिलं, मग माझ्या पेनाकडे.

‘‘खरे किती आहेत?’’ मी विचारलं.

तिनं कार्डाची पिवळी दोरी बोटाला गुंडाळली. ‘‘मॅम... एकवीस.’’

सुमनकाकूंचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. सही माझी खरी आहे, वगैरे. पण ते म्हणायचा अधिकार काकूंनी त्यांची बोट घालवून मिळवला होता. माझं काय जाणार होतं? एका शाईच्या रेघेनं माझं काहीच बिघडत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, ‘‘सही राहू दे. बाविसावी मी. विचार.’’

तिनं घाईघाईनं मोबाइल पुढे केला. पहिले सहा प्रश्न मी भराभर उरकले. वय, हुद्दा, किती वर्षं, कुठला विभाग. सातवा आला. ‘आपण आपल्या कामात समाधानी आहात का?’ खाली पाच गोल. अजिबात नाहीपासून अत्यंतपर्यंत.

माझं बोट काचेवर थांबलं. एका दुपारी बासष्ट माणसांची उत्तरं देऊन मोकळी झालेली मी, मला एका माणसाचं देता येईना. बोट मधल्या गोलावर गेलं, उठलं. चौथ्यावर गेलं, उठलं. खिडकीबाहेर ढग भरून आले होते आणि पार्किंगमधली धूळ गोल फिरत होती.

‘‘मॅम, कुठलंही टिक केलंत तरी चालेल,’’ ऋचा हळूच म्हणाली.

‘‘यात लिहायला जागा कुठे आहे?’’

‘‘जागा नाहीये मॅम. ऑप्शन्सच आहेत.’’

‘‘मग कागद दे.’’

तिनं वहीतलं एक पान टर्रकन फाडून माझ्यापुढे ठेवलं. मी पेनाचं टोपण काढलं, वरच्या कोपऱ्यात नाव घातलं, सुजाता मेश्राम, आणि लिहायला लागले. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. ऋचानं खुर्ची पुढे ओढली, मोबाइल पालथा ठेवला आणि वाचायला वाकली.